दाते नसलेले टपाल तिकीट: किंमत घटली की वाढली, हे कसे ओळखावे

टपाल तिकिटाच्या कडेचे दाते नसले, तर त्याची किंमत घटू शकते, वाढू शकते किंवा तिच्यात काडीचाही फरक पडत नाही. तिन्ही उत्तरे खरी असल्यामुळे या बाबतीत नवशिके संग्राहक दोन्हीकडून फसतात. कोणी एका बाजूने कात्रीने कापलेले साधे तिकीट ‘एरर’ म्हणजे छापखान्यातली चूक समजून भरमसाट किमतीला विकायला काढतो, तर कोणी दोन बाजू सरळ असलेले स्वीडनचे निर्दोष तिकीट खराब म्हणून बाजूला टाकतो. दाते नाहीत एवढ्यावरून निकाल देता येत नाही. त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: दाते असायला हवे होते त्या जागी कागद जास्त उरला आहे, की कमी झाला आहे? छापखान्यात छिद्र पाडायचे राहून गेले असेल, तर त्या जागेचा कागद तिकिटावरच राहतो. तिकीट पाकिटावरून ओढताना, भिजवताना किंवा वहीत कोंबताना दाता तुटला असेल, तर कागद जातो. पहिल्या प्रकारात किंमत वाढण्याची शक्यता असते, दुसऱ्यात ती घटतेच. तिकीट मुळातच त्या बाजूला दात्यांशिवाय काढलेले असणे हा तिसरा प्रकार, आणि सगळ्यात जास्त गोंधळ त्यानेच होतो.

तपासाला फार साधने लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, चपट्या टोकाचा चिमटा, काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा आणि परफोरेशन गेज म्हणजे कडेची छिद्रे मोजण्याची पट्टी एवढे पुरते. मात्र यांच्या जोडीला त्याच तिकिटाची एक साधी, धडधाकट प्रत हाताशी असावी, कारण कागद जास्त आहे की कमी, हे तुलना केल्यावाचून कळत नाही. शंभर रुपयांच्या तिकिटाबद्दल तासभर वाद घालणारे लोक दहा रुपयांची जोडप्रत विकत घ्यायला का कुरकुरतात, हे मला कळलेले नाही.

छिद्रे पडतात कशी

१८४० साली ब्रिटनमध्ये निघालेले जगातील पहिले चिकट टपाल तिकीट, पेनी ब्लॅक, शीटमधून कात्रीने कापून घ्यावे लागे. हेन्री आर्चर या आयरिश गृहस्थाने तिकिटांमध्ये छिद्रे पाडण्याचे यंत्र तयार केले, ब्रिटिश सरकारने त्याचे पेटंट विकत घेतले आणि १८५४ पासून तेथे दातेवाली तिकिटे नियमितपणे मिळू लागली. आपल्याकडे १८५२ चे सिंध प्रांतातील ‘सिंद डाक’ तिकीट आणि १८५४ साली कलकत्त्यात छापलेली अर्धा आणा, एक आणा, दोन आणे व चार आण्यांची तिकिटे ही सर्व बिनदात्यांची होती. पुढे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून तिकिटे छापून येऊ लागली, तेव्हा भारतीय तिकिटांना दाते आले. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२० च्या दशकाच्या मध्यापासून तिकिटांची छपाई सुरू झाली आणि छिद्रे पाडण्याचे कामही तेथेच होऊ लागले.

छिद्रे पाडण्याच्या मुख्य पद्धती तीन, आणि त्यांतील फरक माहीत असेल तर दाता का नाही, याचे निम्मे उत्तर तेथेच मिळते. पहिल्या पद्धतीत यंत्र एका वेळी एकच सरळ रेषा पाडते. आधी सगळ्या आडव्या, मग सगळ्या उभ्या. या रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे कोपरे वेडेवाकडे पडतात, आणि एखादी रेषा मारायची राहिली तर शीटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण ओळच छिद्रांविना राहते. दुसऱ्या पद्धतीत पिनांची मांडणी फणीसारखी असते. ही फणी एका ठोक्यात रांगेतील प्रत्येक तिकिटाच्या तीन बाजू पाडते आणि पुढचा ठोका चौथी बाजू पुरी करतो, त्यामुळे कोपरे नेटके येतात. फणीचा एक ठोका चुकला तर ती रांग तीन बाजूंनी कोरी राहते. फणीतील एक पीन मोडली, तर त्याच ठिकाणचे छिद्र प्रत्येक रांगेत, शीटच्या वरपासून खालपर्यंत, पुन्हा पुन्हा गाळलेले दिसते. तिसऱ्या पद्धतीत संपूर्ण शीट किंवा तिचा मोठा भाग एकाच ठोक्यात पाडला जातो. याखेरीज काही देशांनी कागद काढून न टाकता नुसते चिरे पाडण्याची पद्धतही वापरली. तशा तिकिटांच्या कडेला गोल दाते कधीच नव्हते, म्हणून त्यांत दाते शोधण्यात अर्थ नाही.

मोडलेल्या पिनेची खूण भिंगाखाली एकदा नीट पाहिली की ती विसरत नाही. दोन दात्यांमधले छिद्र पडलेले नसते, म्हणून ते दोन दाते जोडले जाऊन एकच रुंद, चपटा दाता तयार होतो. त्याच्या शेजारच्या तिकिटाचा तेवढ्याच जागेवरचा दाताही तसाच रुंद असतो, किंवा फाडताना कागद एकाच बाजूला गेल्यामुळे एका तिकिटावर जादा कागदाचा ठोकळा आणि दुसऱ्यावर खळगा दिसतो. तुटलेल्या दात्याचे चित्र याच्या उलट असते. दोन्ही बाजूंची छिद्रे व्यवस्थित पडलेली असतात, पण त्यांच्या मधला दाता आखूड झालेला किंवा मुळापासून नाहीसा झालेला असतो. पहिला यंत्राचा दोष आहे, दुसरा हाताळणीचा. आणि बोलताना दोघांनाही लोक ‘एक परफोरेशन मिसिंग आहे’ असेच म्हणतात.

आधी मोजावे

फ्रान्सचे डॉ. लग्रां यांनी १८६६ मध्ये परफोरेशन मोजण्याची जी रीत मांडली, तीच आजही सर्वत्र चालते. दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे बसतात, तो आकडा म्हणजे त्या बाजूचे माप. कॅटलॉगमध्ये, म्हणजे तिकिटांचे तपशील व किमती देणाऱ्या सूचीत, ‘१४’ असे दिले असेल, तर चारही बाजूंचे माप १४ समजावे. ‘१४ × १३½’ असे असेल, तर पहिला आकडा आडव्या बाजूंचा म्हणजे वरच्या व खालच्या कडेचा, आणि दुसरा उभ्या बाजूंचा असतो. गेजवरील ठिपक्यांच्या रांगेवर तिकीट ठेवून ते हळूहळू सरकवत न्यावे, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक ठिपका छिद्रात बरोबर बसला तरच ते माप धरावे. मधली चार छिद्रे जुळली म्हणून समाधान मानू नये.

एक बाजू सरळ असली तरी उरलेल्या बाजू मोजणे सोडू नये. त्यांची मापे कॅटलॉगशी जुळत नसतील, तर सरळ कडेची चर्चा पुढे नेण्यात हशील नसते, कारण ते तिकीट वेगळ्या छपाईचे किंवा सरळ बनावट असण्याची शक्यता असते. याचे परिचयाचे उदाहरण म्हणजे १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेले महात्मा गांधींचे दहा रुपयांचे तिकीट. ते स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए या मुद्रणालयाने फोटोग्रॅव्हर पद्धतीने छापले असून त्याचे परफोरेशन ११½ आहे. हे तिकीट महाग असल्यामुळे त्याच्या नकला बऱ्याच फिरतात. ‘दाते जरा खराब आहेत, म्हणून स्वस्तात देतो’ असे सांगून कोणी ते पुढे केले, तर आधी गेज लावावे. माप जुळले नाही, तर किमतीची घासाघीस करण्याचे कारणच उरत नाही.

मुळातच सरळ असलेली कड

यंत्रातून विकण्यासाठी तिकिटांची लांब पट्टी गुंडाळून कॉइल बनवली जाते. पट्टीतील तिकिटे एकमेकांपासून तोडता यावीत म्हणून समोरासमोरच्या दोन बाजूंना दाते असतात, आणि उरलेल्या दोन बाजू कापून सरळ केलेल्या असतात. अमेरिका आणि कॅनडाची अशी तिकिटे जुन्या वह्यांमध्ये हमखास सापडतात. स्वीडनने तर १९२० पासून आपली नेहमीची तिकिटे मोठ्या प्रमाणात कॉइलमध्येच काढली, त्यामुळे स्वीडनच्या तिकिटाच्या दोन समांतर बाजू सरळ असणे हीच तेथली सामान्य स्थिती आहे. त्याची किंमत सरळ बाजूंमुळे एक पैशानेही कमी होत नाही.

पुस्तिकेतून म्हणजे बुकलेटमधून आलेल्या तिकिटाच्या एका बाजूला किंवा कोपऱ्यात मिळणाऱ्या दोन लगतच्या बाजूंना दाते नसू शकतात. आपल्याकडच्या संस्थानांपैकी ईडरची तिकिटे चार-चारच्या पानांत निघत असल्यामुळे त्यांच्या कडा अशाच असतात, आणि चारही बाजूंना दाते असलेले ईडरचे तिकीट पुढे आले तर उलट शंका घ्यावी. ब्रिटनच्या जुन्या पुस्तिकांचा प्रकार थोडा निराळा आहे. त्यांतील तिकिटांना दाते होते, पण पुस्तिका गिलोटिनखाली कापताना कडेचे दाते अनेकदा अर्धवट छाटले गेले, म्हणून पूर्ण दाते असलेल्या पानाला बाजारात सरस भाव मिळतो आणि छाटलेल्याला कमी. येथे दोष छापखान्यातलाच आहे, तरी किंमत घटते, हे लक्षात ठेवावे.

शीटच्या कडेची तिकिटे हा अमेरिकेच्या जुन्या तिकिटांचा खास विषय आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथील साधी तिकिटे चारशेच्या शीटमध्ये छापून तिचे शंभराचे चार भाग करत. जेथून शीट कापली जाई तेथील रांगांना छिद्रे नसत, म्हणून त्या तिकिटांची एक बाजू आणि कोपऱ्यातील तिकिटाच्या दोन बाजू सरळ राहिल्या. १९१८ चे उलट्या विमानाचे सुप्रसिद्ध अमेरिकन तिकीटही याला अपवाद नाही. त्या शीटमधील कडेच्या काही तिकिटांना अशी सरळ कड आहे. असे तिकीट खराब म्हणता येत नाही, तरीही संग्राहकांना चारही बाजूंचे दाते आवडत असल्यामुळे त्याला कमी पैसे मिळतात. या आवडीमागे तर्क फारसा नाही, पण बाजारभाव तर्काने ठरत नाही.

नेदरलँड्सने १९२० च्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे तिकिटांच्या बाजूंवरील ठरावीक छिद्रे मुद्दाम गाळली, कारण विक्रीच्या यंत्रात पट्टी ओढली जाताना ती मध्येच तुटू नये अशी योजना होती. त्यामुळे कडेला ठरावीक अंतराने रुंद दाते दिसतात. ज्याला हे माहीत नाही त्याला ते मोडलेल्या पिनेचे काम वाटते, आणि ज्याला माहीत आहे तो या छिद्ररचनेच्या प्रकारांचा स्वतंत्र संग्रह करतो. याच्या उलट, ब्रिटनच्या १९९३ नंतरच्या नेहमीच्या तिकिटांच्या उभ्या बाजूंना एक-एक लांबट, लंबवर्तुळाकार खाच दिसते. दोन-तीन दाते गळाल्याचा तो भास असतो. प्रत्यक्षात ती बनावटीला आळा घालण्यासाठी केलेली खूण आहे.

चारही बाजू सरळ असलेली, पण रीतसर तशीच काढलेली तिकिटेही पुष्कळ आहेत. १९७३ च्या इंडिपेक्स या तिकीट प्रदर्शनाच्या वेळी निघालेली भारताची पहिली मिनिएचर शीट, म्हणजे संग्राहकांसाठी काढलेली छोटी शीट, बिनदात्यांची आहे. आपल्या भोर संस्थानाची १८७९ ची तिकिटे हाताने शिक्का मारून देशी कागदावर उठवलेली असून त्यांनाही दाते नाहीत. अशा तिकिटांत दात्यांची जागा समास घेतो. चारही बाजूंना छपाईच्या चौकटीबाहेर पुरेसा कोरा कागद असलेली प्रत चांगली. कात्री चौकटीत घुसली असेल तर किंमत पडते. १८५४ च्या चार आण्यांच्या निळ्या-लाल तिकिटाची चौकट अष्टकोनी आहे, आणि त्या काळी अनेकांनी ते चौकटीच्या कडेकडेने अष्टकोनी कापून वापरले. तसे कापलेले तिकीट आणि चौकोनी कापलेले, भरपूर समासाचे तिकीट यांच्या किमतींत मोठे अंतर असते, आणि हे अंतर निव्वळ कोऱ्या कागदाचे आहे.

हाताळणीतला दोष किती मनावर घ्यावा

मापे जुळली, तिकीट कॉइलचे किंवा पुस्तिकेचे नाही हे ठरले आणि कागद कमी आहे असे दिसले, म्हणजे नुकसान झालेले आहे. आता ते किती आहे, एवढेच पाहायचे. तिकीट काळ्या पुठ्ठ्यावर ठेवल्यावर कडेचा प्रत्येक दाता स्पष्ट दिसतो. एखादा दाता इतरांपेक्षा आखूड असेल, पण छिद्राच्या तळापेक्षा वर असेल, तर तो किरकोळ दोष. दाता छिद्राच्या तळाच्या खालपर्यंत उपटला जाऊन तिकिटाच्या अंगाला खळगा पडला असेल, तर तो ठळक दोष. कोपऱ्याचा दाता सगळ्यात महत्त्वाचा, कारण नजर आधी कोपऱ्याकडे जाते आणि कोपरा बोथट झाला की तिकीट वाकडे दिसू लागते. दाता तुटताना कागदाचा वरचा थर मागच्या बाजूने सोलला गेला आहे का, हेही पाहावे. सोललेला भाग असेल, तर दात्यापेक्षा तो पातळपणा किमतीला जास्त मारतो.

कॅटलॉगमधील किंमत चांगल्या स्थितीतील प्रतीची असते, ही साधी गोष्ट विसरून लोक तुटक्या तिकिटावर कॅटलॉगचा आकडा लावतात. स्वातंत्र्योत्तर काळातील लाखोंनी छापलेल्या साध्या तिकिटाचा एक दाता जरी गेला असेल, तरी ते विकण्याच्या दृष्टीने निरुपयोगी समजावे, कारण गिऱ्हाईकाला त्याच पैशात निर्दोष प्रत मिळते. कोऱ्या, मूळ गोंद शाबूत असलेल्या तिकिटाबाबत खरेदीदार अधिक कडक असतात, आणि शिक्का बसलेल्या तिकिटाबाबत जरा सैल. एकोणिसाव्या शतकातील दुर्मीळ तिकिटाचे एक-दोन दाते आखूड असले, तरी बाजार ते सोसतो, विशेषतः चांगली प्रत सहसा दिसतच नसेल तेव्हा. तिकीट पत्राच्या पाकिटावर असेल, तर दात्यांची चर्चा दुय्यम ठरते. टपालाचा मार्ग, दर, शिक्के आणि तारीख यांना तेथे किंमत असते. म्हणून दाते पाहण्यासाठी तिकीट पाकिटावरून कधीही काढू नये.

सगळे दाते नीट कात्रीने छाटून चारी कडा सरळ केलेले तिकीट हा आपल्याकडच्या जुन्या वह्यांमधला नेहमीचा प्रकार. वहीत व्यवस्थित दिसावे, या हौसेने कोणीतरी ते केलेले असते. त्याला काही किंमत नाही, ते कितीही जुने असो. क्वचित अति दुर्मीळ तिकिटाबाबत जागा भरण्यापुरती प्रत म्हणून कोणी घेईल, एवढेच.

खरी चूक आणि बनावट चूक

छिद्रे पाडायचीच राहून गेलेली तिकिटे अधूनमधून टपाल कार्यालयाच्या खिडकीतून बाहेर पडतात, आणि त्यांना किंमत मिळते हे खरे. पण सुट्या तिकिटावरून ही चूक जवळजवळ सिद्ध होत नाही. ज्या तिकिटाला सहज मोठे समास मिळाले आहेत, त्याचे दाते कापून टाकले की ते बिनदात्यांचे दिसते. म्हणून अशा चुकांच्या किमती कॅटलॉगमध्ये बहुधा जोडीच्या दिलेल्या असतात. दोन तिकिटे एकमेकांना जोडलेली असून त्यांच्या मधल्या जागेत छिद्रच नसेल, तर कात्रीला तेथे काही करता येत नाही. जोडी, पट्टी किंवा चारचा ब्लॉक हातात आला, तर तो तोडून विकण्याचा मोह आवरावा. तोडला की पुरावा गेला.

जोडीत मधली एकच ओळ छिद्रांविना असेल आणि बाहेरच्या बाजूंना दाते असतील, तर त्या चुकीचे वेगळे वर्णन आणि वेगळा भाव असतो. शीटच्या कोऱ्या पट्टीला लागून असलेल्या तिकिटावरही अशी चूक दिसते. तिकीट आणि पट्टी यांच्यामध्ये छिद्रे नसतात. तेथे ती कोरी पट्टी हाच पुरावा आहे, म्हणून ती नीटनेटकेपणाच्या नावाखाली कापू नये.

जोडी पाहतानाही घाई करू नये. पिना बोथट झाल्या किंवा यंत्राचा दाब कमी पडला, की कागद कापला जात नाही, फक्त दबतो. ही आंधळी छिद्रे. समोरून जोडी अगदी कोरी दिसते, पण दिव्यासमोर तिरपी धरून मागच्या बाजूने पाहिली की बारीक गोल ठसे दिसतात, बोटाच्या टोकालाही खरखर जाणवते. एकही ठसा दिसला, तर तिला बिनछिद्रांची चूक म्हणता येत नाही; आंधळ्या छिद्रांची जोडी म्हणून तिला काही खरेदीदार मिळतात, पण भाव पुष्कळ खालचा असतो. कागद घडी पडून यंत्रात गेला, तर छिद्रांची ओळ तिरपी जाते किंवा एका कोपऱ्यात छिद्रेच पडत नाहीत. हा प्रकार मला स्वतःला सगळ्यांत देखणा वाटतो, आणि त्याची घडी उलगडलेली दिसते म्हणून त्याची नक्कल करणेही अवघड असते.

छापखान्याची रद्दी हा वेगळा विषय. चाचणीसाठी छापलेले किंवा नापास झालेले कागद नष्ट करायचे असतात, पण काही वेळा ते बाहेर झिरपतात. त्यांना दाते नसतात, बहुधा गोंदही नसतो, आणि रंगांत वा छपाईच्या थरांत कमतरता असते. असा माल टपाल खात्याने कधी विकलेलाच नसल्यामुळे त्याला चुकीच्या तिकिटाचा दर्जा मिळत नाही.

सुट्या तिकिटाच्या बाबतीत निदान मोजमाप तरी करावे. जोडप्रतीच्या एका बाजूच्या दात्याच्या टोकापासून समोरच्या दात्याच्या टोकापर्यंतची रुंदी घ्यावी. बिनदात्यांचे खरे तिकीट तेवढे तरी रुंद असतेच, बहुधा जास्तच. दाते छाटलेले तिकीट मात्र त्याहून अरुंद भरते, कारण छाटताना छिद्रांच्या तळापर्यंतचा कागद जातो. कॉइलचे म्हणून विकलेले तिकीट याच रीतीने तपासावे. त्याच्या दोन सरळ बाजू एकमेकींना समांतर असल्या पाहिजेत, आणि रुंदी नेहमीच्या तिकिटापेक्षा कमी नको. पेनी रेड हे ब्रिटनचे तिकीट १८५४ पूर्वी बिनदात्यांचे होते आणि त्यानंतर दात्यांचे झाले. पुढच्या छपाईचे दाते कापून ते आधीचे म्हणून खपवण्याचा प्रकार जुनाच आहे. १८५५ पासून कागदातील मुकुटाचे जलचिन्ह (वॉटरमार्क) मोठे झाले, म्हणून मोठ्या मुकुटाचे सुटे, बिनदात्यांचे पेनी रेड दिसले, तर समास कितीही सुरेख असले तरी संशय धरावा.

उलट दिशेची लबाडीही चालते. सरळ कडेच्या तिकिटाला कमी भाव मिळतो, म्हणून त्या कडेला नव्याने दाते पाडले जातात. ही लबाडी पकडायची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे दात्यांची टोके. शीटमधून फाडलेल्या तिकिटाच्या दात्यांच्या टोकाला कागदाचे बारीक तंतू सुटलेले असतात. सरळ कापलेल्या कडेत मागाहून छिद्रे पाडली, तर टोके सुरीने कापल्यासारखी बोथट आणि स्वच्छ राहतात, कारण ती जुनी कापलेली कडच असते. चारही बाजू भिंगाखाली पाहून एक बाजू बाकी तिघींपेक्षा वेगळी वाटली की थांबावे. त्या बाजूची छिद्रे आकाराने लहान-मोठी आहेत का, समोरच्या बाजूच्या छिद्रांच्या रेषेत आहेत का आणि तिकीट जोडप्रतीपेक्षा अरुंद झाले आहे का, हे क्रमाने तपासावे. तिन्ही खुणा एकाच वेळी सापडतील असे नाही. एक ठळक खूण सापडली तरी तिकीट ‘मागाहून छिद्रित’ समजून त्याचा भाव सरळ कडेच्या तिकिटापेक्षाही खाली धरावा. सरळ कड प्रामाणिक असते.

तज्ज्ञांचा दाखला आणि विक्री

वर सांगितलेल्या तपासणीनंतरही चूक खरी वाटत असेल आणि तिकिटाची अपेक्षित किंमत दाखल्याच्या शुल्कापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल, तरच तज्ज्ञ समितीकडे ते पाठवण्यात अर्थ आहे. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती आणि न्यूयॉर्कचे फिलाटेलिक फाउंडेशन असे दाखले देतात. पाठवण्याआधी आपल्या शहरातील फिलाटेलिक क्लबमधील किंवा महापेक्ससारख्या तिकीट प्रदर्शनात भेटणाऱ्या जाणकाराला तिकीट दाखवावे. अर्धे प्रश्न तेथेच सुटतात. दाखला जुना असेल, तर त्यावरील छायाचित्रातील शिक्का, समास आणि दात्यांची नेमकी रचना हातातील तिकिटाशी जुळते का, हे पाहावे, कारण दाखला एका तिकिटाचा आणि तिकीट दुसरेच, असेही घडते.

किंमत ठरवताना कॅटलॉगपेक्षा अलीकडच्या लिलावांत त्याच स्थितीतील तिकीट प्रत्यक्ष कितीला गेले, ते पाहावे. विकायला मांडलेली किंमत ही विकलेली किंमत नसते. विकताना वर्णनात ‘उजवी बाजू मुळातच सरळ’, ‘वरच्या कडेचा तिसरा दाता आखूड’, ‘मधली छिद्रे नाहीत, मागे ठसे दिसतात’ असे जे दिसते ते तसेच लिहावे, आणि काळ्या पुठ्ठ्यावर गेज शेजारी ठेवून काढलेली पुढची व मागची अशी दोन्ही छायाचित्रे द्यावीत. खरेदी करताना विक्रेत्याकडून हीच दोन छायाचित्रे मागावीत, आणि तो मागची बाजू दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर पैसे पाठवू नयेत.